लेडी बी गुड : समुद्रात बुडालं म्हणून नोंदलेलं बॉम्बर विमान वाळवंटात सापडतं तेव्हा

वाटसरू_७१ (धागाकर्ता)

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवर इथे अधूनमधून धागे निघतात, पण या विमानावर मराठीत नीट सलग लिहिलेलं मला तरी कुठे दिसलं नाही म्हणून हा प्रपंच. लांबलंय, चहा घेऊन बसा.

४ एप्रिल १९४३, रविवार. लिबियात बेनगाझीच्या खाली सोलुक नावाचा तळ होता, तळ कसला, वाळूत सपाट केलेलं मैदानच ते. तिथून दुपारी अमेरिकन वायुदलाच्या ३७६ व्या बॉम्ब ग्रुपची २५ लिबरेटर विमानं इटलीतल्या नेपल्स बंदरावर बॉम्ब टाकायला निघाली. दोन तुकड्या, पहिलीत १२ आणि दुसरीत १३. ऐन उड्डाणाच्या वेळेला वाळूचं वादळ. दुसऱ्या तुकडीतल्या बऱ्याच विमानांच्या इंजिनात वाळू गेली आणि ती अर्ध्यातून माघारी फिरली, शेवटी त्या तुकडीतली चारच नेपल्सपर्यंत गेली आणि तिथे पोचेस्तोवर अंधार पडलेला, खाली काही दिसेना. दोघांनी परतताना सिसिलीतल्या कटानियावर बॉम्ब टाकले आणि दोघांनी ओझं कमी करायला सरळ समुद्रात सोडून दिले. त्या शेवटच्या दोनातलं एक म्हणजे आपलं 'लेडी बी गुड'.

आत नऊ जण. पायलट विल्यम हॅटन, को-पायलट रॉबर्ट टोनर, नॅव्हिगेटर डीपी हेज, बॉम्बार्डियर (बॉम्ब टाकणारा) जॉन वोरावका, फ्लाइट इंजिनियर हॅरोल्ड रिप्सलिंगर, रेडिओवाला रॉबर्ट लामॉट, आणि गनर तिघे, गाय शेली, व्हर्नन मूर, सॅम्युअल अ‍ॅडम्स. मार्चच्या मध्याला लिबियात आलेले, एकत्र मिळून ही त्यांची पहिलीच मोहीम. पहिलीच हं, हे डोक्यात ठेवा.

बाकीची विमानं परत आली किंवा कुठेतरी दुसऱ्या तळावर उतरली, पण हे आलं नाही. रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी हॅटनने बेनगाझीजवळच्या बेनिना तळाला रेडिओवर विचारलं की माझं दिशादर्शक यंत्र चालत नाहीये, मला दिशा सांगा. बेनिनाने सांगितलं ३३० अंश. म्हणजे तू आमच्या वायव्येला आहेस, समुद्रावर, अजून यायचा आहेस. हॅटन त्याच रोखाने पुढे येत राहिला.

प्रत्यक्षात तो तळ ओलांडून केव्हाच वाळवंटावर गेला होता. खालून प्रकाशाच्या फटाकड्या उडवल्या, वरच्यांना काही दिसलं नाही. पुढे आणखी जवळजवळ दोन तास ते दक्षिणेला उडत राहिले, किनारा आता येईल मग येईल करत. दोनच्या सुमाराला पेट्रोल संपत आलं तेव्हा सगळ्यांनी पॅराशूट घालून काळोखात उड्या टाकल्या. माझ्या मते उडी मारताना सुद्धा बहुतेकांना आपण पाण्यात पडणार असंच वाटत असणार.

तळावर दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला तो अर्थातच समुद्रावर. काही सापडलं नाही. नऊ जण बेपत्ता, विमान भूमध्य समुद्रात बुडालं, फाइल बंद.

पुढचं प्रतिसादात टाकतो, एका दमात टाकलं तर कोणी वाचत नाही.

बंड्या_इचलकरंजीकर

पहिला! वाचतोय राव, लवकर टाका पुढचं. पेट्रोल संपल्यावर विमानाचं काय झालं?

सुमेधा_के

वाटसरू, तुमची ही सवय जुनी आहे, ऐन मोक्याला थांबायचं 😀 वाचतेय.

वाटसरू_७१

@बंड्या, विमानाचं काय झालं तीच तर गंमत. (गंमत म्हणू नये खरं तर.)

चालक नाही, आत कोणी नाही, तरी ते विमान एकटंच पुढे २५-२६ किलोमीटर उडालं, हळूहळू खाली येत गेलं आणि पोटावर घसरत वाळवंटात टेकलं. उतरताना चारपैकी एक इंजिन चालू होतं. पंखांच्या मागे धड मोडलं, बाकी जवळजवळ शाबूत.

आणि तसंच पडून राहिलं पंधरा वर्षं. १९५८ मध्ये ब्रिटिश तेल कंपनीच्या शोधपथकाला विमानातून ते दिसलं, त्यांनी ट्रिपोलीजवळच्या व्हीलस या अमेरिकन तळाला कळवलं, पण त्या भागात आमचं विमान हरवल्याची नोंदच नाही म्हणून कोणी हललं नाही. बरोबरच आहे, नोंदीत ते समुद्रात होतं! मग २७ फेब्रुवारी १९५९ ला तेलवाल्यांचं जमिनीवरचं पथक तिथे पोचलं, सर्व्हेयर गॉर्डन बोवरमन आणि दोन भूगर्भशास्त्रज्ञ, डोनाल्ड शेरिडन आणि जॉन मार्टिन. सोलुकपासून जागा किती लांब, तर ७०० किलोमीटरच्या वर, आत, दक्षिणेला.

आता दृश्य डोळ्यांसमोर आणा. मशिनगन चालतायत. रेडिओ चालतोय. थर्मासमधलं पेय अजून पिण्यासारखं. थोडं खाणं, थोडं पाणी. हँगरला कपडे लटकलेत. पॅराशूट मात्र एकही नाही आणि माणूस एकही नाही, हाडसुद्धा नाही. मे महिन्यात अमेरिकन लष्कराचं पथक आलं, त्यांनी उन्हाळाभर आजूबाजूला शोधलं. उत्तरेकडे जाताना त्यांना फ्लाइंग बूट मिळाले, बाणासारखे मांडून ठेवलेले. पुढे पॅराशूटच्या कापडाचे तुकडे कापून केलेले बाण, वर दगड ठेवलेले. लाइफ जॅकेटं. म्हणजे माणसं चालत गेली होती आणि मागून येणाऱ्यासाठी खुणा ठेवत गेली होती. पण वाळूच्या मोठ्या टेकड्या सुरू झाल्यावर खुणा संपल्या. लष्कराने अहवाल दिला की मृतदेह वाळूखाली गाडले गेले असावेत, शोध संपला.

आणि काही महिन्यांनी, ११ फेब्रुवारी १९६० ला, पुन्हा तेलवाल्यांनाच पाच जण एका ठिकाणी सापडले.

मार्कोनी

वाटसरूसाहेब, छान चाललंय. मी आयुष्यभर बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून नोकरी केली त्यामुळे त्या ३३० अंशांवर थोडं लिहितो, कारण इंटरनेटवर याला सरसकट "रेडिओ ऑपरेटरची चूक" म्हणून मोकळे होतात.

त्या काळचं डायरेक्शन फाइंडर म्हणजे एक गोल किंवा चौकोनी लूप अँटेना. ती फिरवायची. फिरवताना एका ठिकाणी सिग्नल जवळजवळ बंद पडतो, त्या जागेला नल म्हणतात, त्यावरून दिशा कळते. पण असा नल लूपच्या एका पूर्ण फेरीत दोनदा येतो, बरोबर १८० अंशांच्या अंतरावर. म्हणजे यंत्र तुम्हाला रेषा देतं, बाजू देत नाही. पुण्यात बसलेला माणूस सांगू शकतो की तुझी गाडी मुंबई-सोलापूर लाइनीवर आहे, पण तू लोणावळ्याला आहेस का दौंडला हे त्याला नुसत्या लूपवरून सांगता येत नाही. ३३० आणि १५० ही एकाच रेषेची दोन टोकं.

बाजू ठरवायला शेजारी एक उभी सेन्स अँटेना लावतात, किंवा दुसऱ्या स्टेशनची रेषा घेतात, दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही. बेनिनाच्या माणसाकडे त्या क्षणी एकच रेषा होती. नेपल्सहून येणारं विमान वायव्येला असणार हे कोणीही गृहीत धरेल. त्याने धरलं. वेळही बरोबर जुळत होती, नेपल्स सोडल्यापासून चार तास झाले होते, म्हणजे किनाऱ्याच्या अलीकडे का पलीकडे हा थोडक्याचाच प्रश्न होता. मागून वारा जोराचा असला तर माणूस स्वतःच्या अंदाजाच्या आधी पोचतो, आणि खाली काळोख असला तर पोचल्याचं कळत नाही.

माझं मत विचाराल तर खरी चुटपुट दुसऱ्या प्रश्नाची आहे. दहा-पंधरा मिनिटांनी परत एकदा दिशा विचारायला हवी होती. आणि नुसती रेषा नव्हे, सिग्नल वाढतोय का कमी होतोय हे. तळाकडे येणाऱ्याचा सिग्नल चढत जातो, लांब जाणाऱ्याचा उतरत जातो, हे कानालाही कळतं. विमानाकडून त्यानंतर दुसरी विचारणा झाल्याचं नोंदीत नाही.

शंकेखोर

मार्कोनीकाका, लोणावळा-दौंड लक्षात राहील 👍

पण मला नॅव्हिगेटरचं कळत नाही. त्याचं काम काय होतं मग? दोन तास जास्त उडतोय, घड्याळ तर होतं ना हातात? चार-साडेचार तासांच्या जागी सहा तास झाले तरी किनारा आला नाही तर डोक्यात घंटी वाजायला नको? माझ्या मते हा सरळसरळ नवखेपणा आहे, पहिल्याच मोहिमेला असा क्रू रात्री समुद्रापार पाठवणं हा मूर्खपणा.

मार्कोनी

@शंकेखोर, घंटी वाजली म्हणून तर दिशा विचारली. आणि उत्तर काय मिळालं, तर तू अजून समुद्रावर आहेस. तळावरचा माणूस छातीठोकपणे सांगतोय आणि तुमचा हिशेब म्हणतोय आपण पोचलो, तर पहिलीच खेप असलेला पोरगा कोणावर विश्वास ठेवेल? समोरून वारा लागतोय म्हणून उशीर होतोय अशी समजूत करून घेणं फार सोपं असतं. आम्ही बोटीवरही बघितलंय, अनुभवी माणूससुद्धा आकडा आपल्याला हवा तसा वाकवून घेतो.

नवखा क्रू पाठवला हे खरं, पण तेव्हा अनुभवी आणायचे कुठून? सगळेच कधीतरी पहिल्यांदा गेले.

मीनल_जोग

मी या विषयातलं काही जाणत नाही पण वाचून अंगावर काटा आला. ते पाच जण कोण होते वाटसरू? आणि डायरी सापडली असं कुठेतरी वाचल्यासारखं आठवतंय, त्याबद्दल लिहाल का?

वाटसरू_७१

हो ताई, त्याच्यावरच येतोय.

पाच जण म्हणजे पायलट हॅटन, को-पायलट टोनर, नॅव्हिगेटर हेज, रेडिओवाला लामॉट आणि गनर अ‍ॅडम्स. टोनरच्या खिशात छोटी डायरी होती. रोज दोन-चार ओळी, तुटक, तार केल्यासारख्या. भावनेचा एक शब्द जास्तीचा नाही त्यामुळे जास्तच लागतं वाचताना. माझ्या शब्दांत सांगतो.

पहिली नोंद : नेपल्स, सगळा गोंधळ, परतताना रस्ता चुकलो, पेट्रोल संपलं, उड्या मारल्या, रात्री दोनला वाळवंटात. कोणाला फार लागलं नाही, जॉन सापडत नाही, बाकी सगळे आहेत. (जॉन म्हणजे बॉम्बार्डियर वोरावका. आठ जणांनी पिस्तुलाचे बार काढून आणि फटाकड्या उडवून काळोखात एकमेकांना गाठलं, तो आला नाही.)

सोमवारी ५ तारखेला वायव्येला चालायला सुरुवात. सोबत थोडं खाणं, अर्धी कँटीन (सैनिकांची पाण्याची बाटली) पाणी. आठ माणसांना अर्धी कँटीन. माणशी रोज एक बूच, म्हणजे कँटीनचं झाकण असतं ना, तेवढं. दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी, झोप नाही.

मंगळवार : दुपारभर नरक. विमान वगैरे काही दिसत नाही. संध्याकाळी पाचनंतर चालायला लागायचं, रात्रभर, पंधरा मिनिटं चाल आणि पाच मिनिटं विश्रांती.

बुधवार : तेच. सगळे अशक्त होतायत, सतत प्रार्थना.

गुरुवार : वाळूच्या टेकड्या लागल्या. वारा आहे पण वाळू सतत उडतेय. लामॉटचे डोळे गेले, बाकीच्यांचेही वाईट आहेत. तरी वायव्येलाच चाललोय.

शुक्रवार ९ : शेली, रिप (रिप्सलिंगर) आणि मूर मदत आणायला पुढे गेले. राहिलेल्या पाचांना आता चालवत नाही. सगळ्यांना मरण यावंसं वाटतं. एक पॅराशूट उरलंय पांघरायला.

शनिवारी एक-दोन पक्षी दिसले एवढीच काय ती बातमी. रविवारी लिहितो की पाणी मिळालं तर अजूनही निभावून नेऊ, जिभेला लावण्यापुरतं उरलंय. सोमवारी १२ तारखेला एकच ओळ, अजून मदत नाही, रात्र फार थंड. त्यानंतर काही नाही.

म्हणजे अर्धी कँटीन पाण्यावर आठ दिवस. आणि पाच जण जिथे सापडले ती जागा उडी मारल्या ठिकाणापासून १२५ किलोमीटरच्या आसपास. पाण्याशिवाय माणूस वाळवंटात किती चालू शकतो याचे लष्कराचे जे अंदाज होते ते या पोरांनी केव्हाच मागे टाकले होते.

सुमेधा_के

एक बूच पाणी. वाचून उठून पाणी प्यायले.

बंड्या_इचलकरंजीकर

आणि ते तिघं पुढे गेलेले?

वाटसरू_७१

@बंड्या, मे १९६० मध्ये दोघे मिळाले. शेली त्या पाच जणांपासून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, रिप्सलिंगर आणखी पुढे, चाळिशीच्या पलीकडे. वाळूच्या डोंगरांतून, तेही नवव्या-दहाव्या दिवशी. रिप्सलिंगरकडेही डायरी होती. ऑगस्टमध्ये वोरावका सापडला, त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं, म्हणजे तो पडला तेव्हाच गेला. बाकीचे डायरीत "जॉन सापडत नाही" म्हणून दोन दिवस लिहितायत. आठ जणांचे अवशेष अमेरिकेत घरी गेले. व्हर्नन मूर सापडला नाही.

रेतीबहाद्दर

इतका वेळ नुसता वाचत होतो पण आता राहवत नाही. मी लिबियात तेलाच्या साइस्मिक क्रूवर नोकरी केलीय, सरीर कलान्शियो म्हणतात तो भाग बघितलाय, म्हणून थोडं जमिनीबद्दल.

वाळवंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर टेकड्या येतात. सरीर तसं नसतं. बारीक खडी, भाजलेल्या चण्याएवढी, आणि त्याखाली घट्ट वाळू, आणि ते सगळं सपाट. झाड नाही, झुडूप नाही, दगड नाही, चढ नाही उतार नाही. चारी बाजूंना क्षितिज सारखंच, गाडीतून उतरून दहा पावलं चाललं आणि गोल फिरलं की कुठून आलो ते कळत नाही. आम्ही लघवीला जाताना सुद्धा गाडी नजरेआड होऊ द्यायची नाही असा कॅम्पचा नियम होता, नवीन पोरं हसायची, पहिल्या धुळीच्या वादळानंतर हसायची बंद व्हायची.

दुसरी गोष्ट, तिथे चाकोऱ्या पुसत नाहीत. खडीत एकदा ट्रक गेला की ती रेघ वर्षानुवर्षं राहते. या लोकांना चालताना जुन्या लष्करी गाड्यांच्या चाकोऱ्या लागल्या होत्या आणि ते त्यांच्या कडेने चालले, शोधपथकालाही त्याच चाकोऱ्यांवर त्यांच्या खुणा मिळाल्या. चाकोरी दिसली की माणसाला वाटतं चला, ही कुठेतरी जाते. जाते खरी, पण किती लांब जाते ते चाकोरी सांगत नाही.

आणि मग उत्तरेला कलान्शियोची रेती सुरू होते. ती मात्र खरी टेकड्यांची, ओळीच्या ओळी. दोन पावलं चढा, एक पाऊल घसरा. आम्ही बुलडोझर आणि रुंद टायरच्या गाड्या घेऊन सुद्धा शिव्या घालत असू. तिथे उपाशी तहानलेली माणसं डोळे गेलेल्या माणसाला धरून शिरली. त्या गुरुवारच्या नोंदीपाशी मी नेहमी थांबतो.

शंकेखोर

जबरदस्त प्रतिसाद रेतीबहाद्दर. मग मला एक सांगा, ते उलट दिशेला का गेले नाहीत? विमान तर दक्षिणेला २५ किलोमीटरवरच पडलं होतं ना, त्यात पाणी होतं, खाणं होतं, चालू रेडिओ होता. एका रात्रीत पोचले असते. विमानाजवळ थांबा हा तर जगण्याचा पहिला नियम आहे.

रेतीबहाद्दर

नियम बरोबर आहे पण विमान कुठे आहे ते माहीत असलं तर. उडी मारल्यावर इंजिनाचा आवाज लांब जात बंद पडला, एवढंच त्यांना माहीत. त्यांच्या हिशेबाने ते धडकून जळालंच असणार. शिल्लक पेट्रोल संपलेलं विमान स्वतःहून पोटावर उतरून पाणी सांभाळून बसलंय असं कोणाच्या स्वप्नात येणार?

वाटसरू_७१

+१. शिवाय आपण किनाऱ्यापासून फार लांब नाही अशीच त्यांची समजूत असणार. दक्षिणेला जायचं म्हणजे समुद्रापासून आणि आपल्या माणसांपासून लांब जायचं. आता नकाशा समोर ठेवून आपण म्हणतो की दक्षिणेला वादी झिघेनचं पाणी होतं, जेवढं ते उत्तरेला चालले साधारण तेवढंच दक्षिणेला चालले असते तर तिथे पोचू शकले असते. खरंय. पण त्यांच्या डोक्यातल्या नकाशात सोलुक थोड्या अंतरावर समोर होतं आणि प्रत्यक्षात ते ७०० किलोमीटरच्या आसपास होतं. अशा वेळेला वायव्येला जाणं हाच शहाणपणाचा निर्णय होता, आणि त्याच निर्णयाने मारलं. शिस्त बघा ना त्यांची, पाण्याची वाटणी, रात्री चाल, मागे बाण. एकाने दुसऱ्याचं पाणी ओढून घेतलं, कोणी कोणाला सोडून पळालं, असं डायरीत एका ओळीनेही दिसत नाही. मला या सगळ्या प्रकरणात हेच सांगायचं होतं, की यात बिनडोक कोणी नव्हतं. प्रत्येकाने त्याच्या हातात असलेल्या माहितीवर बरोबरच काम केलं. बेनिनाच्या ऑपरेटरने, हॅटनने, समुद्रात शोधणाऱ्यांनी, अगदी नोंद नाही म्हणून हात झटकणाऱ्या व्हीलसच्या कारकुनांनीसुद्धा.

शंकेखोर

कारकुनांबद्दल असहमत. तेलवाले कळवतायत की इथे चार इंजिनांचं अमेरिकन विमान पडलंय, तर कागद काढून एकदा बघायला काय जात होतं? एवढी विमानं काही हरवली नव्हती त्या ग्रुपची की शोधता येऊ नयेत. बाकीच्यांची बाजू पटली.

मार्कोनी

शंकेखोर यांच्याशी या मुद्द्यावर सहमत. समुद्रावर शोध घेतला त्यात मात्र दोष नाही.

आणि एक, चालू रेडिओचा मुद्दा. समजा पोचले असते विमानापाशी. बॅटरी थोडा वेळ चालली असती, लामॉटने संदेश पाठवला असता, तरी मी कुठे आहे हे त्याला सांगता आलं नसतं. पण निदान दोन स्टेशनांनी मिळून रेषा घेतल्या असत्या तर जागा सापडली असती, आणि मुख्य म्हणजे शोधणाऱ्यांनी समुद्र सोडला असता. वाचण्याची शक्यता नक्कीच होती.

देवा_नागपूर

थोडं अवांतर. त्याच आठवड्यात आपले लोक पण आफ्रिकेतच होते. ६ एप्रिल १९४३, म्हणजे टोनर "दुपारभर नरक" लिहितोय त्या दिवशी, ट्युनिशियात वादी अकारीतला चौथी इंडियन डिव्हिजन लढत होती, ५-६ एप्रिलच्या रात्रीच्या हल्ल्यासाठी सुभेदार लालबहादूर थापांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधीच्या दोन वर्षांत याच डिव्हिजनने बेनगाझीच्या आसपासचा सगळा मुलूख तुडवला होता. चालू द्या.

बंड्या_इचलकरंजीकर

मी यूट्यूबवर बघितलं की या विमानाचे पार्ट दुसऱ्या विमानांना लावले आणि ती सगळी पडली म्हणे. शापित विमान. खरं आहे का हो वाटसरू?

वाटसरू_७१

काही भाग काढून नेले हे खरं. त्यातले काही तपासणीसाठी गेले आणि काही दुसऱ्या विमानांवर वापरले गेले. एका विमानाला त्यानंतर प्रोपेलरचा त्रास झाला, एक समुद्रात उतरवावं लागलं, आणि लष्कराचं एक ऑटर विमान सिद्राच्या आखातावर दहा जणांसकट नाहीसं झालं, त्याच्यात या विमानातली आर्मरेस्ट बसवली होती, असं सांगतात.

शंकेखोर

आर्मरेस्टने विमान पडतं होय? खुर्चीचा हात म्हणजे. आणि जे पार्ट लावून काही झालं नाही त्यांची यादी यूट्यूबवाले देत नाहीत, दिली तर व्हिडिओ कोण बघणार. त्या ऑटरमधल्या दहा जणांच्या घरच्यांना तुमचा मुलगा शापाने गेला सांगायचं का?

मीनल_जोग

शंकेखोर अगदी बरोबर. इतकी खरी गोष्ट समोर असताना शापाची फोडणी कशाला.

मला वेगळंच विचारायचं होतं. घरच्यांना १९४३ ते १९६० काय माहीत होतं? सतरा वर्षं मुलगा समुद्रात बुडाला असं समजून जगायचं आणि मग कळायचं की तो आठ दिवस जिवंत होता, चालत होता. मला तर वाटतं आधीचंच बरं होतं. की नाही?

सुमेधा_के

मीनल, मी याच्या उलट म्हणेन. माझ्या माहेरी एक चुलते बेपत्ता आहेत, आजी शेवटपर्यंत दाराची कडी रात्री लावू देत नसे. कितीही वाईट असलं तरी कळलेलं बरं.

मीनल_जोग

@सुमेधा, हो गं. मूरच्या घरच्यांचं मग काय झालं असेल.

रेतीबहाद्दर

विमान आता कुठे आहे असं एकाने व्यनितून विचारलंय, इथेच सांगतो. कित्येक वर्षं ते तिथेच पडून होतं, येणारेजाणारे तेलवाले, सैनिक, हौशी लोक जमेल ते उचकटून नेत होते. शेवटी १९९४ मध्ये लिबियाच्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी उरलेले तुकडे उचलून तोब्रुकच्या लष्करी तळावर नेले. एक प्रोपेलर मिशिगनमधल्या लेक लिंडनला आहे, लामॉटचं गाव. व्हीलसच्या प्रार्थनाघरात या क्रूच्या आठवणीची रंगीत काचेची खिडकी केली होती, ती डेटनच्या वायुदल म्युझियममध्ये आहे. अमेरिकेतल्या मंडळींपैकी कोणी ओहायोत असेल तर बघून या.

अटलांटिकपार

मी डेटनपासून तासाभरावर राहतो. खिडकी बघितलीय, शेजारी विमानातल्या वस्तू पण आहेत. म्युझियम फुकट आहे, पण एवढं अवाढव्य आहे की पोरांना घेऊन गेलात तर या कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पोरं भुकेने रडायला लागतात, त्यामुळे आधी इकडेच जा. फोटो शोधून टाकतो.

बंड्या_इचलकरंजीकर

शाप मागे घेतला बाबा 🙏 पण असं आपल्याकडे कुठे झालंय का? भारतात पडलेलं अमेरिकन विमान वगैरे?

वाटसरू_७१

झालंय की, अरुणाचलात कितीतरी. आसामातून हिमालयाच्या शेपटीवरून चीनला रसद नेत असत, त्या मार्गावर शेकड्यांनी विमानं गेली. त्यातलं एक लिबरेटरच, 'हॉट अ‍ॅज हेल' नावाचं, २५ जानेवारी १९४४ ला कुनमिंगहून आसामातल्या चाबुआला येताना ढगांत गेलं ते गेलंच, आत आठ जण. २००६ मध्ये क्लेटन कुहल्स नावाच्या अमेरिकन भटक्याने स्थानिक लोकांना सोबत घेऊन अप्पर सियांगमधल्या दामरोह गावाच्या वर डोंगरात ते शोधलं. गावच्या शिकाऱ्यांना ते पत्रे आधीपासून ठाऊक होते. तिथले काही अवशेष २०१६ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला पाठवले आणि त्यातून एकाची ओळख पटली, बाकी सात अजून त्या डोंगरातच मानायचे.

त्या प्रकरणात उतार, जळवा, पाऊस, परवानग्या आणि अरुणाचलवर चीन सांगत असलेला हक्क, सगळंच आहे. वेगळा धागा काढतो, इथे गल्लत नको.

मार्कोनी

काढाच. हंपवरच्या (तुम्ही म्हणता तोच आसाम-चीन मार्ग) रेडिओ बीकनबद्दल मी लिहीन, आसामातल्या डोंगरांत तेही दोन-दोन दिशा दाखवायचे.